आतला तुकडा

सुकन्याला किळस फार लवकर यायची. लहानपणी उदगीरला असताना दुसऱ्यानं तोंड लावलेल्या तांब्यातलं पाणी ती प्यायची नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानातल्या वरणाचा ओघळ आपल्या पानाकडे यायला लागला की अर्ध्या जेवणावरून उठायची. आई कपाळाला हात लावायची. या पोरीला देवानं नाक जरा जास्तच दिलंय, म्हणायची.

असल्या पोरीनं पुढं ब्यूटी पार्लर काढलं, याचं माहेरच्यांना नवल वाटलं. दिवसभर लोकांच्या अंगाला हात लावायचा, घाम, मुरुमं, काखेतले केस. पण सुकन्याला त्याची कधी किळस आली नाही. अंग घाण नसतं, बेपर्वाई घाण असते, असं तिचं मत होतं. तिच्याकडं प्रत्येक बाईला धुतलेला वेगळा टॉवेल मिळायचा. वॅक्सची पट्टी ओढण्याआधी ती दर वेळी थांबायची आणि 'ओढू का?' म्हणून विचारायची. लातुरात यापेक्षा स्वस्त पार्लरं बरीच होती, तरी बायका तिच्याकडंच यायच्या.

पार्लर घरातच, रस्त्याकडच्या खोलीत. नवऱ्याचं, अमरनाथचं, गंजगोलाईच्या बाजाराजवळ स्टीलच्या भांड्यांचं दुकान. सासरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात सासू शिवगंगा, जिला सगळे अव्वा म्हणत. दीर मल्लेश, त्याची बायको पुनम आणि त्यांचं एक लहान पोरगं. घर लिंगायताचं, कडक शाकाहारी. अव्वा रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा करून कपाळाला विभूती लावल्याशिवाय पाणीसुद्धा घेत नसे.

सुकन्याच्या लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की तिच्या दोन्ही नळ्या बंद आहेत. कधीकाळी होऊन गेलेल्या कुठल्यातरी आजाराचा परिणाम. मूल हवं तर टेस्ट ट्यूबनंच होईल, असं सांगितलं गेलं. लातुरात तसले दवाखाने काही कमी नव्हते, पण दुकानदाराच्या घरची बाई कुठल्या दवाखान्याचा जिना चढली, हे गंजगोलाईत संध्याकाळच्या आत कळतं. म्हणून अमरनाथनं नांदेडचा दवाखाना शोधला. अहमदपूर, लोहा करत बसनं जायचं, काम उरकलं की संध्याकाळी परत.

दोनदा गर्भ पिशवीत सोडून झाला. दोन्ही वेळा राहिला नाही.

त्या दवाखान्याची सुकन्याला पहिल्या दिवसापासून किळस होती, पण ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. भिंतींवर गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या बाळांचे मोठमोठे फोटो. तसलं बाळ नांदेड-लातूरकडं कुणाच्या सात पिढ्यांत जन्मलं नसेल. सोनोग्राफीच्या खोलीत पडद्यामागं बायका रांगेनं बसायच्या, सलवारी आधीच काढून, कमरेला दवाखान्याची चादर गुंडाळून. चादर आधीच्या बाईच्या अंगाची ऊब घेऊन यायची. आत गेलं की रबर चढवलेली थंडगार कांडी. सांगणं नाही, विचारणं नाही. मांडीवरून ओघळणारी चिकट जेली पुसायला कागदाचा एक कपटा. दाभणाएवढ्या सुईनं कमरेत टोचलेल्या तेलकट इंजेक्शनांच्या गाठी महिनामहिना राहायच्या, आणि ती कुशीवर झोपली की ठणकायच्या.

दुसऱ्यांदा अपयश आल्यावर मोठ्या डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. म्हणजे बोलावलं दोघांना, बोलले अमरनाथशी. सुकन्या अजून टेबलावरच होती, जेली पुसत.

"बी उत्तम आहे, अमरनाथजी," डॉक्टर म्हणाले. "आता जमीन तयार असते का, ते बघायला पाहिजे."

मग त्यांनी समजावलं. पिशवीच्या आतलं अस्तर औषधानं जाड होतं, ते सोनोग्राफीत दिसतं. पण जाड झालं म्हणजे गर्भाला धरून ठेवायला तयार झालं, असं नाही. त्या तयारीची एक ठरावीक वेळ असते, आणि ती फार थोडी असते. काही बायकांत ती पुढंमागं सरकलेली असते. गर्भ लवकर सोडला तर अस्तर त्याला घेत नाही, उशीर झाला तरी घेत नाही. म्हणून या महिन्यात गर्भ सोडायचाच नाही. औषधं मात्र सगळी तशीच द्यायची, आणि ज्या दिवशी गर्भ सोडला असता, त्याच दिवशी अस्तराचा एक तुकडा काढून तपासणीला बाहेर पाठवायचा. तयारी होती की नव्हती, ते हमखास कळतं.

अमरनाथनं मान हलवली. दुकानात गिऱ्हाईक भांडं घेण्याआधी वाजवून बघतं, तसं काहीतरी हे त्याला वाटलं असावं. सुकन्या सलवारीची नाडी बांधत होती. आपण जमीन आहोत, हे तिला त्या टेबलावर कळलं. पण तपासणीचं कारण तिला पटलं होतं. दोनदा राहिलं नाही ते का, हे कळलं तर बरंच, असं तिला वाटलं.

तुकडा काढायच्या दिवशी टेबलाशी पाच माणसं होती. मोठे डॉक्टर, एक सिस्टर, भूल देणारे डॉक्टर, जे नुसतेच येऊन उभे होते कारण भूल द्यायची नव्हती, आणि शिकायला आलेली दोन पोरं. ती कोण, कशाला आली, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिचे पाय दोन बाजूंना टांगलेले. मोठे डॉक्टर काम करता करता आदल्या दिवशीच्या कुठल्याशा लग्नातल्या मटणाबद्दल बोलत होते. मसाला चांगला होता, पण मांस निबर राहिलं होतं. भूलवाले हसले. मग आतून एकदम असं ओढलं गेलं की तिच्या तोंडून आवाज निघाला.

"झालं, झालं, एवढं काय त्यात," सिस्टर म्हणाली. तिच्या तोंडात बडीशेप होती.

सिस्टरनं बारीकशी बाटली उजेडाला धरून हलवली आणि तिला दाखवली. दाखवायला कुणी सांगितलं नव्हतं. तांबूस पाण्यात एक लवलवीत धागा तरंगत होता. सुकन्यानं डोळे मिटले. मटण हा शब्द अजून खोलीतच होता.

येताना बसमध्ये अमरनाथ खिडकीशी बसला आणि त्यानं अव्वाला फोन लावला. तो काही वाईट माणूस नव्हता. पण आईला न सांगता त्याच्या पोटात काही राहायचं नाही, आणि फोनवर हळू बोलायची त्याला सवय नव्हती. 'हाव, काढला तुकडा. आतला. पिशवीतला,' तो सांगत होता. पुढच्या सीटवरची बाई मान वळवून सुकन्याकडं बघून घेऊन परत पुढं बघायला लागली. लोह्यापर्यंत त्या बाईनं तीनचारदा तसं केलं.

काही आठवड्यांनी रिपोर्ट मोबाइलवर आला. त्यात लिहिलं होतं ते दवाखान्यातल्या ज्युनिअर डॉक्टरीणबाईंनी, साक्षी मॅडमनी, फोनवर सांगितलं. त्या दिवशी, त्या वेळी अस्तर तयार नव्हतं. अजून एक दिवस औषध जास्त चालवलं असतं तर झालं असतं. पुढच्या वेळी गर्भ एक दिवस उशिरा सोडायचा.

सुकन्याला एकदम हलकं वाटलं. म्हणजे आपल्यात खोट नाही, वेळेचा फरक आहे. त्या दुपारी तिनं एका नवरीचा मेकअप केला आणि तिच्या हातात कधी नव्हे तो जोर आला.

अमरनाथनं मात्र अव्वाला सांगितलं ते एवढंच की पिशवी तयार नव्हती. अव्वानं ते देवळात कुणाला तरी सांगितलं. जी बातमी लपवायला नांदेड गाठलं होतं, ती बातमी लातुरात पायीच फिरली. साड्यांच्या दुकानवाल्याची बायको महामाया भुवया करायला आली, तेव्हा ती आराम खुर्चीत डोळे मिटून पडल्यापडल्या म्हणाली, "सुकन्या, तुझी पिशवी कच्ची हाय म्हणे. आमच्या चुलत जावेचीबी तशीच होती. पोटाला एरंडाच्या तेलाचा शेक दे."

सुकन्याच्या दातांत दोऱ्याचं टोक होतं. बोलायचं तर दोरा सोडावा लागला असता. तिनं उजवी भुवई पुरी केली, डावी केली, वरच्या ओठावरची लवही काढली. महामाया एरंडापासून मेथ्यांपर्यंत बोलत राहिली. आपण हिच्या अंगाला विचारून हात लावतो आणि ही खुशाल आपल्या पोटात हात घालते, असं सुकन्याला वाटलं. बाई गेल्यावर तिनं हात साबणानं धुतले, मग परत धुतले.

पुढच्या महिन्यात खरोखर गर्भ सोडायचा म्हणून औषधं सुरू झाली. त्याच सुमाराला अव्वाचं वागणं बदललं. सकाळची पूजा झाली की अव्वा वाटी घेऊन यायची. वाटीत केळाचे काप, वर गूळ आणि थोडं तूप. आणि अव्वा सुकन्याला ते स्वतःच्या हातानं भरवायची. इतक्या वर्षांत अव्वानं तिला कधी घास भरवला नव्हता. बोलायला कडू नव्हती, पण लांबूनच बोलायची. आता कपाळावर ताजी विभूती, अंगाला कापराचा वास, आणि ती म्हातारी समोर उकिडवी बसून 'आ कर' म्हणायची. सुकन्याचे डोळे भरून यायचे. आपल्या लवकर येणाऱ्या किळसेला तिनं पहिल्यांदाच बाजूला सारलं आणि सासूच्या बोटांतला घास खाल्ला.

केळात मधूनच दाताखाली काहीतरी चिवट लागायचं. चावायला वेळ लागायचा. अव्वा म्हणायची, खारीक हाय, चावून खा. सुकन्या चावून खायची.

खरं काय ते पुनमनं सांगितलं. दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. पुनम किती वेळ एकच चादर झटकत राहिली आणि मग म्हणाली, "अक्का, एक सांगू का? मला एकटीला सोसंना गेलंय."

पुनमच्या पोराची नाळ, जन्मानंतर गळून पडलेली, वाळवून तिनं चांदीच्या डबीत जपून ठेवली होती. कपाटात, दागिन्यांच्या मागं. त्या दिवशी काही काढायला गेली तर डबी हलकी लागली. उघडून बघितलं तर नाळ अर्धी कापलेली. तिनं अव्वाला विचारलं. अव्वानं लपवलं नाही. सुकन्यासाठी घेतली, म्हणाली, केळात देतेय, तू गप ऱ्हा.

सुकन्या ओला टॉवेल हातात घेऊन उभी राहिली. तिला आधी कळलंच नाही. मग तिच्या दातांना आठवलं. ती जिना उतरून न्हाणीत गेली आणि मोरीशी बसून ओकली. पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिली, नुसतं हिरवंपिवळं पाणी. पुनम दाराशी उभी राहून रडत होती. तिलाही दुःख होतंच. तिच्या लेकराच्या अंगाचा तुकडा तिला न विचारता कापला गेला होता.

अव्वा देवघरापुढं वाती वळत बसली होती. सुकन्या ओल्या तोंडानं तिच्यासमोर जाऊन बसली.

"खारीक न्हवती ती," सुकन्या म्हणाली.

"न्हवती."

"आपल्या घरात अंडं येत न्हाई, अव्वा."

"ते खाणं न्हाई, औषध हाय." अव्वाचा हात थांबला नाही. "माझ्या सासूनंबी मला दिलं होतं. नणंदेच्या लेकराची होती. वर्षाच्या आत अमर झाला. मला कुणी सांगितलं न्हवतं. सांगितलं की गुण जातो."

"मग तुम्हाला कळलं कधी?"

"अमर चालाय लागला तवा. सासूनंच सांगितलं, हसत हसत."

"मग काय वाटलं तुम्हाला?"

अव्वानं एक वात पुरी केली, तबकात ठेवली आणि मग सुनेकडं बघून म्हणाली, "नांदेडच्या डॉक्टरनं तुझ्या आतला तुकडा काढून नेला, तवा तू निजलीस टेबलावर. म्या एवढुसा तुकडा आत घातला, तर तुला घाण वाटायली?"

सुकन्या तिथून उठून पार्लरमध्ये आली, दार लावून घेतलं आणि आरशासमोर बसून राहिली. अव्वाचं बोलणं तिला खोटं पाडता येईना. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, अव्वानं फसवलं होतं, हा फरक होता, मोठा होता. पण बाटली उजेडाला धरणारी सिस्टर, मटणाची चव सांगणारे डॉक्टर, ती दोन पोरं, आणि वाटी घेऊन उकिडवी बसणारी अव्वा, या सगळ्यांना तिच्या पिशवीशी काम होतं. तिच्याशी कुणालाच नव्हतं. आणि ती स्वतः एवढी वर्षं मोठ्या घरची सून म्हणून, शहाणी बाई म्हणून, गप निजत आली होती. तिला स्वतःचीही किळस आली.

अमरनाथ दुकानातून आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. पण थोड्या वेळानं तो म्हणाला की अव्वानं चांगल्यासाठीच केलं असंल, झालं ते झालं, आता उगं मनाला लावून औषधं बंद करू नको. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. सुकन्यानं खांदा काढून घेतला. त्या दिवसापासून ती पार्लरमधल्या फेशियलच्या पलंगावर झोपायला लागली.

गर्भ सोडायच्या आधीच्या तपासणीला ती एकटीच नांदेडला गेली. मोठे डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते म्हणून साक्षी मॅडमनी बघितलं. सुकन्यानं मान खाली घालून नाळेचं सांगितलं आणि त्यानं काही इजा होईल का, असं विचारलं. साक्षी मॅडम हसल्या नाहीत. पोट दुखतं का, ताप होता का, एवढं विचारून त्या म्हणाल्या की इतके दिवस काही झालं नाही तर बहुतेक काही होणार नाही, पण त्याचा उपयोगही काही नाही.

"आणि तुमच्या त्या तपासणीचा?" सुकन्यानं विचारलं. "एक दिवस उशिरा सोडल्यानं राहील, हे नक्की हाय का?"

साक्षी मॅडमनी दाराकडं बघितलं. मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाल्या, "नक्की नाही. काही बायकांना फायदा झाल्यासारखा वाटतो. पण मोठ्या अभ्यासांत बऱ्याच वेळा फरक दिसलेला नाही. अस्तराची वेळ कळली तरी गर्भातच दोष असू शकतो, तो या तपासणीत दिसत नाही. हे तुम्हाला आधीच सांगायला पाहिजे होतं."

"आम्हाला हमखास म्हणले होते."

"माहीत आहे," साक्षी मॅडम म्हणाल्या.

दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच तिला कुणी सरळ उत्तर दिलं होतं. तिला राग आला, पण साक्षी मॅडमचा नाही. 'हमखास' हा शब्द तिला आता केळातल्या खारकेसारखा वाटला. चावून खा म्हणून दिलेला.

तरी तिनं माघार घेतली नाही. औषधं अंगात गेली होती, एक दिवस उशिरानं सोडायचं ठरलं होतं, आणि आशा ही वस्तू किळसेपेक्षा चिवट असते. ठरलेल्या दिवशी अमरनाथही आला, तिनं बाहेर बसायला सांगितलं म्हणून बाहेर बसला. ती टेबलावर चढली, पाय टांगले गेले, आणि मोठ्या डॉक्टरांच्या मागून ती दोन पोरं आत आली.

सुकन्यानं एक पाय काढला, मग दुसरा. चादर गुंडाळून ती टेबलावरून खाली उतरली. सिस्टर म्हणाली, अहो ताई, हे काय करून राहिल्या? सुकन्या भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"ही पोरं बाहेर जाऊ द्या," ती म्हणाली. "आणि मला सांगितल्याशिवाय अंगाला हात लावायचा न्हाई."

मोठे डॉक्टर आधी हसले. शिकायला आलेली मुलं आहेत, डॉक्टरांपुढं कसली लाज, म्हणाले. सुकन्या भिंतीशी तशीच उभी राहिली. फरशी थंड होती. गोठवलेला गर्भ बाहेर काढून ठेवलेला, वेळ जात होता आणि सोडायची वेळ त्यांच्याच रिपोर्टनं ठरवलेली होती. शेवटी डॉक्टरांनी मानेनं खूण केली आणि पोरं गेली. पुढचं सगळं काम त्यांनी गप्प, तोंड पाडून केलं. फक्त नळी आत घालण्याआधी तेवढं म्हणाले, "घालतोय."

गर्भ राहिला नाही.

रक्ताचा रिपोर्ट आला त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी अमरनाथला फोन केला. वेळ अगदी बरोबर साधली होती, तरी तुमच्या मिसेसचं शरीर साथ देत नाही, म्हणाले. मनात ताण असला की असं होतं. अजून एक नवी तपासणी आहे, ती करून बघू. अमरनाथ फोन स्पीकरवर लावून ऐकत होता. ऐकून झाल्यावर अव्वा आतून म्हणाली, "ओकून टाकल्यावर कसं ऱ्हाईल?"

सुकन्यानं दोघांचंही ऐकून घेतलं. डॉक्टर आणि अव्वा जन्मात एकमेकांना भेटले नव्हते, पण बोलणं एकच होतं. त्यांचं सगळं बरोबर झालं, बिघडवलं ते हिनं. तिला त्या दिवशी रडू आलं नाही. नुसता तोंडात आंबट स्वाद आला, गुळण्या केल्या तरी न जाणारा. तिनं अमरनाथला सांगितलं की यापुढं काही नाही. तपासणी नाही, इंजेक्शन नाही, नांदेड नाही. तो म्हणाला, बघू. त्याच्या 'बघू'ला काही अर्थ नसतो, हे तिला ठाऊक होतं.

अर्थ आला तो एका दुपारी, जेवताना. दोघं भाऊ जेवायला बसले होते, पुनम वाढत होती, सुकन्या चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, भाकरी करत होती. अव्वानं शांतपणे विषय काढला. पुनमची पिशवी चांगली हाय. तिला अजून एक होऊ द्यावं आणि ते सुकन्याच्या वटीत घालावं. घरचं रक्त घरातच ऱ्हाईल. डॉक्टर नको का दवाखाना नको. मल्लेश ताटात बघत राहिला. पुनमच्या हातातला आमटीचा डाव तसाच राहिला आणि आमटी परत पातेल्यात ठिबकत राहिली.

अमरनाथच्या तोंडात घास होता. त्यानं तो चावला नाही. तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला. सगळ्यांनी बघितलं.

"बास, अव्वा," तो म्हणाला. "बायकांच्या पोटाचं बोलणं या घरात आता बास. पुनमचं न्हाई, सुकन्याचं न्हाई. मला जेवण जाईना गेलंय."

आयुष्यात पहिल्यांदा तो आईसमोर भरल्या ताटावरून उठला. अव्वा म्हणाली की बायकोनं कान भरले. पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्यानंतर बरेच दिवस ती दोघांशीही बोलली नाही. पुनमनं मात्र त्या दुपारी भांडी घासताना सुकन्याचा ओला हात आपल्या ओल्या हातात धरला होता, बराच वेळ.

दवाखान्यात अजून एक गर्भ गोठवून ठेवलेला होता. तो ठेवायचा की नाही, हे दोघांनी येऊन सांगायला पाहिजे, असे फोन यायचे. दिवाळी झाल्यावर दोघं गेले. मोठे डॉक्टर भेटले नाहीत. ठेवायचा नाही, एवढं सांगून, सह्या करून ते बाहेर आले. सुकन्याला वाटलं होतं की काहीतरी तुटेल आत. तसं झालं नाही. दुःख झालं, पण ते स्वच्छ होतं. त्याला कुणाचा हात लागलेला नव्हता.

परतीची बस अहमदपूरला थांबली. अमरनाथ दोन चहा घेऊन आला. तिनं कप घेतला आणि बसस्टँडवरच्या गर्दीकडं बघत म्हणाली, "मला तुमचीबी किळस यायली होती."

"माहिताय."

"डॉक्टरची आली, अव्वाची आली, त्याचं एवढं काही वाटलं न्हाई. तुमची आली त्याचं वाटलं."

अमरनाथनं चहा तसाच धरून ठेवला. मग म्हणाला की बसमध्ये फोनवर तो ओरडून बोलत होता, तेव्हा तिचं तोंड त्यानं खिडकीच्या काचेत बघितलं होतं. तरी बोलत राहिला. का, ते त्याला अजून सांगता येत नाही.

"गेली का आता?" त्यानं विचारलं.

"हाय अजून. थोडी."

त्यानं मान डोलावली. बस सुटली तेव्हा तो सीटच्या कडेला सरकून बसला आणि बॅग दोघांच्या मधे ठेवली. बाहेर सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं मागं जात होती. कुठं हरभरा वर आला होता. चाकूरच्या अलीकडं सुकन्यानं ती बॅग उचलली आणि खाली आपल्या पायांपाशी ठेवली.